नुसती नवऱ्याची हौस नव्हती ती
लेखात म्हटलंय की रोमन राण्यांची सोन्याची नाणी म्हणजे बादशहांची बायकोसाठीची हौस, ते काय पटलं नाही बुवा. रोमन बादशहा अँटोनायनस पायसची बायको थोरली फॉस्टिना साधारण इ.स. 140 ला गेली, तिला देवी ठरवलं आणि तिची नाणी त्यानंतरही वर्षानुवर्षं पाडत राहिले, नाण्याच्या मागच्या बाजूला कधी सेरीस म्हणजे धान्याची देवी तर कधी एटर्निटास म्हणजे अनंतकाळाची देवी... सात ग्रॅमच्या आसपासचं सोनं हातोहात फिरतंय, सरळ प्रचारच की हा! तिची मुलगी आणि बादशहा मार्कस ऑरेलियसची बायको धाकटी फॉस्टिना, तिच्या नाण्यांवर तर सुफलतेची देवी फेकुंडिटास, कारण तिला डझनभर तरी पोरं झाली आणि गादीला वारस आहेत हे लोकांना कळायला नको का? बाकी धाकटीचे अंबाडे काय एकेक, हेअरस्टाईल बघून नाणं कधीचं याचा अंदाज लावतात म्हणे. बादशहा सेप्टिमियस सेव्हेरसची बायको ज्युलिया डोम्ना, तिच्या नाण्याचा एक तरी फोटो लेखात टाकायचा होता राव.