अठ्ठावीस पट

टिकलीचं वजन आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर होतं. काट्यावर टोप ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा, टोपात टिकली ठेवायची आणि ती बाहेर उडी मारायच्या आत वाचून घ्यायचं. 2 किलो 200 ग्रॅम. ढग्याला मात्र डॉक्टरांकडचा जमिनीलगतचा काटा लागतो, आणि त्याचे चारही पाय एकाच वेळी काट्यावर राहावेत म्हणून दोन माणसं लागतात. एकाने धरायचं, दुसऱ्याने वाचायचं. 62 किलो.

टिकली चिवावा, ढग्या ग्रेट डेन. शास्त्राच्या मते दोघं एकाच प्रजातीचे. 2007 साली तर संशोधकांनी असंही दाखवून दिलं की कुत्र्यांच्या या लहानमोठेपणात आयजीएफ-1 नावाच्या एका जनुकाचा मोठा हात आहे. एका जनुकाने घातलेला घोळ, आणि निस्तरतोय मी.

टिकली घरात आली त्या रात्री झोप लागेना म्हणून मी भागाकार केला. अठ्ठावीस पट. मी स्वतः 70 किलोचा, म्हणजे माझ्या हिशेबाने समोरचा प्राणी जवळजवळ 2 टनांचा. चांगला भरलेला गेंडा झाला की हो! आता असं समजा, हॉलमध्ये गेंडा बसलाय. स्वभावाने देवमाणूस आहे. तुमच्यावर त्याचा जीव जडलाय. आणि त्याला तुमच्याशी खेळायचंय.

येणारेजाणारे विचारतात, ‘मोठा चावत नाही ना हो तिला?’ चावण्याची काळजी मला फारशी नव्हतीच, काळजी लाडाची. ढग्या खेळायला बोलावताना पंजा मारतो. त्याच्या मते ती टपली असते. टिकलीच्या पुढच्या पायाचं हाड पेन्सिलीहून बारीक, आणि बऱ्याच चिवावांच्या टाळूला एक मऊ जागा असते जी मोठेपणीही बुजत नाही. डॉक्टरांनी माझं बोट धरून अलगद तिच्या डोक्यावर फिरवलं. बोटाखाली कवटी लागत होती, लागत होती, आणि एके ठिकाणी लागेनाशी झाली. मी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. तेव्हापासून ढग्याने पंजा उचलला की मला परात उचलल्यासारखी दिसते.

बरं, टिकलीला याचं काही आहे का? नाव ठेवताना आमच्या डोळ्यासमोर कपाळावरची टिकली होती. निघाली बंदुकीतली. ढग्या दारातून आत येताना दिसला की ही त्याच्या चार पायांच्या मधोमध उभी राहून वर तोंड करून त्याला झापते. तो खाली वाकून बघतो, कोण बोलतंय ते त्याला सापडत नाही, आणि शोधायला म्हणून एक पाय मागे घेतो. तो पाय कुठे पडेल, या विचाराने माझे निम्मे केस गेले.

पहिला उपाय म्हणून लहान मुलांसाठी दारात बसवतात तसलं फाटक आणलं. ढग्याची खांद्याशी उंची फाटकापेक्षा जास्त. त्याने त्याच्याकडे पाहिलं आणि उंबरठा ओलांडावा तसं ओलांडलं. टिकली गजांमधून गेली. अडकलो तो मी, कारण त्याची कडी एका हाताने उघडत नाही आणि माझ्या दुसऱ्या हातात कायम चहा असतो. आता दुसरं आणलंय, माझ्या छातीपर्यंत येणारं, खाली मांजरांसाठी असतो तसा छोटा झरोका असलेलं. ढग्याचा धसमुसळेपणा वाढला की तिने झरोक्यातून आतल्या खोलीत सटकायचं, आम्ही बाहेर जाताना झरोक्याला कडी लावायची आणि दोघांना वेगळं ठेवायचं, अशी योजना. ती सटकते. मग आतून, पूर्ण सुरक्षित अंतरावरून, त्याची आई-बहीण काढते.

जेवण वेगवेगळ्या खोल्यांत. यात तडजोड नाही, कारण वाडग्याजवळ देवमाणसाचाही भरवसा नसतो. त्यातून ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांना पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, तो जिवावरचा. म्हणून जेवल्यावर त्याला तासभर शांत पडू द्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. टिकलीचा खेळाचा मुहूर्त नेमका त्याच तासाचा असतो.

फिरायला नेताना तिला गळपट्टा नाही, छातीचा पट्टा. एवढ्याशा कुत्र्यांची श्वासनळी नाजूक असते. त्याचं एक पाऊल, हिची अकरा. मी मोजलीत. एक हात पुढे, एक हात मागे, अशा अवस्थेत चालताना मोजण्यापलीकडे काही करता येत नाही.

एक प्रसंग मात्र असा झाला की त्या दिवशी मी चहा प्यायलोच नाही. दोघं छान खेळत होती. ढग्याचे पुढचे पाय जमिनीला टेकलेले, ढुंगण वर, शेपूट पंख्यासारखं. म्हणजे सगळं ठीक. तेवढ्यात टिकलीचं नख गालिच्यात अडकलं. ती जिवाच्या आकांताने किंचाळली आणि किंचाळतच पळत सुटली. ढग्याचं ढुंगण खाली आलं. उघडं तोंड मिटलं. शेपूट थांबलं. अंगाची हालचाल नाही, फक्त मान तिच्या मागोमाग फिरतेय. मला हे ऐकून माहीत होतं: लहानसं काहीतरी चिरकत पळालं की मोठ्या कुत्र्याच्या आतला शिकारी कधीकधी जागा होतो. राग नसतो, भांडण नसतं. तेवढ्यापुरती ती टिकली नसते, ससा असते.

पहिली ऊर्मी तिला उचलायची. तेच करायचं नसतं. वर उचलली की ती लोंबकळणारं खेळणं होते आणि ढग्याला ते खेळणं काढून घ्यायला माझ्या छातीवर पाय ठेवणं पुरतं. म्हणून मी मधे आडवा झालो, म्हणजे खरं सांगायचं तर घसरून पडलो, आणि ओरडलो, ‘बऽऽस!’ सहा महिने रोज सकाळ-संध्याकाळ या एका शब्दाची घोकंपट्टी केली होती. ढग्या बसला. आवाज असा काही लागला होता की स्वयंपाकघरातून धावत आलेली बायकोही बसली. टिकली तेवढी झरोक्यातून आत गेली आणि तिथून आम्हा तिघांवर भुंकायला लागली.

तेव्हापासून दोघांना एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही, हा घरातला कायदा. तो मीच केलाय, आणि बायकोला रोज ऐकवतोही मीच.

गेल्या आठवड्यात आम्ही दुपारभर बाहेर होतो. परत येऊन दार उघडलं तर घर चिडीचूप. एरवी कुलपात किल्ली घातली की आतून दोन आवाज येतात, एक ढोलाचा, एक शिट्टीचा. बायकोने फाटकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“झरोक्याची कडी कुणी लावली होती?”

“मी... लावणार होतो.”

चार तास. माझ्या पायातलं बळ गेलं. हॉलमध्ये ढग्याची भलीमोठी गादी, आणि गादीच्या बरोब्बर मधे टिकली, पोट वर करून, घोरत. आम्ही गुडघ्यांवर बसून तिचा एकेक पाय चाचपला, फासळ्या मोजल्या, मान वळवून पाहिली. झोपमोड केली म्हणून तिने माझं बोट चावलं. कुठे खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

ढग्या पलीकडे भिंतीला चिकटून गार फरशीवर बसला होता. हाक मारली तरी जागचा हलेना. जवळ जाऊन बघितलं, तर त्याच्या नाकावर ताजा ओरखडा होता.