कार्ला फे टकरचा पश्चात्ताप : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

अमेरिकेतील टेक्सास राज्यात दोन खुनांसाठी मृत्युदंड दिल्या गेलेल्या कार्ला फे टकर या स्त्रीवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : ‘मरण समोर दिसले की खुन्यालाही येशू आठवतो, आणि तुम्ही मिशनरी लोक त्याचे भांडवल करता.’ असा आक्षेप कुणी घ्यावा यात नवल नाही. पण ज्या सुरात तो घेतला आहे, तो मला मान्य नाही. मी मिशनरी नाही. माझे कुटुंब चार पिढ्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती म्हणून नांदते आहे आणि मी निवृत्त होईपर्यंत शाळेत गणित शिकवले. ‘तुम्ही लोक’ म्हणजे नेमके कोण, हे आपण टोपणनाव बाजूला ठेवून सांगितले असते तर अधिक शोभले असते.

एवढे मान्य करतो की, जेरी लिन डीन आणि डेबोरा थॉर्नटन या बळींची नावे माझ्या लेखात फार उशिरा येतात.

आता मरण समोर दिसण्याविषयी. ह्यूस्टनमधील ते खून 13 जून 1983 रोजी झाले. त्याच वर्षी, खटला उभा राहण्यापूर्वी, कोठडीत झालेल्या एका धार्मिक कार्यक्रमातून कार्लाने बायबलची एक प्रत लपवून नेली. त्या प्रती फुकट वाटण्यासाठीच होत्या, हे तिला ठाऊक नव्हते. मृत्युदंड सुनावला गेला तो 1984 मध्ये. पुढे तिने सहआरोपी डॅनी गॅरेट याच्याविरुद्ध साक्ष दिली, आणि दयेच्या अर्जात सुटका नव्हे, जन्मठेप मागितली. दयेच्या अर्जांचा विचार करणाऱ्या टेक्सासच्या मंडळातील एकाही सदस्याने तिच्या बाजूने मत दिले नाही आणि गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी तीस दिवसांची स्थगितीही नाकारली. सोंग असते, तर ते टाकून देऊन शिव्याशाप देण्याची वेळ हीच होती. पण 3 फेब्रुवारी 1998 रोजी, विषारी इंजेक्शन देण्यापूर्वी, तिने दोन्ही कुटुंबांची माफी मागितली. डेबोराच्या भावाने कार्लाला क्षमा केली होती आणि शेवटच्या क्षणी तो तिच्या बाजूचा साक्षीदार म्हणून उपस्थित होता. डेबोराच्या पतीने कार्लावर विश्वास ठेवला नाही, तो त्याचा अधिकार होता. आपला अधिकार कोणता?

आपण कधी तुरुंगाच्या आत पाऊल ठेवले आहे काय? आमच्या मंडळीच्या गटाबरोबर मी कित्येक वर्षे कैद्यांच्या भेटीला जात असे. पॅरोल नाकारला गेला की प्रार्थनेला येणेच सोडणारे तेथे होते, हे मी लपवीत नाही. आणि ज्यांची कधीच सुटका होणार नव्हती, पण ज्यांनी आजारी सोबत्याचे मलमूत्र काढण्याचे काम आपणहून अंगावर घेतले, असेही होते. या दोहोंतला फरक मला प्रत्यक्ष पाहून कळतो, आणि खुर्चीत बसून निकाल देणाऱ्याकडून तो शिकण्याची मला गरज वाटत नाही.

ती गोरी, तरुण आणि बोलकी स्त्री नसती तर जगाने तिची दखल घेतली असती का, हा आपला दुसरा प्रश्न अमेरिकेतील वर्णभेदाचा आहे, श्रद्धेचा नव्हे. त्यात मी शिरत नाही. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात येशूशेजारी क्रुसावर मरताना पश्चात्ताप करणाऱ्या चोराबद्दल आपण जे उपहासाने लिहिले आहे, त्याला उत्तर देणे मी टाळतो.

आपली पुढील प्रतिक्रिया मी अवश्य छापीन, मात्र ती आपल्या खऱ्या नावाने यावी.