नियमांचा कागद मुलांच्या बरोबरीने वाचताना

बुद्धिबळ मी लहानपणापासून खेळत आले आहे, आणि तरीही माझ्या मुलीला त्याची गोडी लावणे मला पहिल्या वर्षी अजिबात जमले नाही. ती सात वर्षांची असताना मी तिच्यासमोर पट मांडला, मोहऱ्यांच्या चाली समजावल्या आणि त्यानंतर तिच्या प्रत्येक खेळीवर काही ना काही बोलत राहिले. घोडा कडेला नेऊ नये, वजीर इतक्या लवकर बाहेर काढू नये, आधी राजा सुरक्षित करावा, हे सगळे खरेच होते. परंतु दोन-तीन महिन्यांत माझ्या लक्षात आले की खेळी करण्यापूर्वी ती पटाकडे पाहतच नाही. हातातला घोडा एका घरावर अलगद टेकवून ती माझ्या चेहऱ्याकडे पाही. माझ्या कपाळाला आठी पडली की घोडा दुसऱ्या घराकडे सरके, आणि आठी गेली की तिथेच ठेवला जाई. एके दिवशी तिने तो घोडा बाजूला ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "आई, तुला सगळं आधीच माहीत असतं. मग माझी खेळी पण तूच कर." त्यानंतर वर्षभर तो पट कपाटात पडून राहिला.

पुन्हा बाहेर निघाला तो वेगळ्याच कारणाने. त्याच पटाबरोबर ड्राफ्ट्सच्या, म्हणजे काही जण ज्याला चेकर्स म्हणतात त्या खेळाच्या, चपट्या गोल सोंगट्या आलेल्या होत्या आणि हा खेळ मला मुळीच येत नव्हता. मुलीने विचारले, "हे कसं खेळतात?" मी खरे तेच सांगितले, की मला माहीत नाही. मग आम्ही दोघी नियमांचा कागद घेऊन बसलो. ती बोट ठेवून मोठ्याने वाचत होती आणि मी तसतशा सोंगट्या मांडत होते. प्रत्येकाच्या १२ सोंगट्या, सगळा खेळ फक्त गडद घरांवर, चाल तिरपी आणि पुढेच, समोरच्या सोंगटीवरून उडी मारून ती उचलायची, आणि शेवटच्या रांगेत पोहोचलेल्या सोंगटीचा राजा होऊन तिला मागेही येता येते. शेवटी एक वाक्य होते: मारता येत असेल तर मारलेच पाहिजे. मला तो एक किरकोळ नियम वाटला आणि मी पुढे सरकले.

तिसऱ्या दिवशी तिने आपली एक सोंगटी सरळ माझ्या तोंडाशी आणून ठेवली. जुन्या सवयीने मी म्हणाले, "अगं, ही फुकट जाते आहे, नीट बघ." ती पटावरची नजर न हलवता म्हणाली, "तुला ती मारावीच लागेल." मी मारली. माझी सोंगटी जिथे उतरली तिथून मागे एक वाट मोकळी झाली होती. तिने एकाच चालीत माझ्या दोन सोंगट्या उचलल्या आणि शेवटच्या रांगेत जाऊन राजा करून घेतला. बुद्धिबळात समोरचे मोहरे मारायचे की नाही हे बहुतेक वेळा आपल्या इच्छेवर असते, त्यामुळे माझा हात इतक्या वर्षांत त्या मोकळीकीला सरावलेला होता. ड्राफ्ट्समध्ये मारणे ही सक्ती आहे, आणि म्हणूनच सोंगटी देणे हे तिथले मुख्य हत्यार आहे. माझ्या डोक्यात आधीचा एक खेळ ठाण मांडून बसलेला होता. तिच्या डोक्यात फक्त त्या कागदावरचे वाक्य होते, आणि तिने ते माझ्यापेक्षा नीट वाचले होते.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. मुलांना पटावरचे खेळ शिकवण्यापेक्षा, आपल्याला न येणारा खेळ निवडून तो त्यांच्या बरोबरीने शिकावा. मूल आपल्याला रोज कितीतरी गोष्टी करताना पाहते, पण त्या बहुतेक आपल्याला आधीच येत असलेल्या असतात. मोठे माणूस अडते, चुकते, कागद परत वाचते, "मला कळले नाही, तू सांग" असे म्हणते, हे मुलांना क्वचितच पाहायला मिळते. आणि त्यासाठी नवे, चकचकीत, महाग खेळ लागत नाहीत, कारण जुन्या खेळांचे नियम थोडे असतात आणि खोली पुष्कळ असते. नवकंकरीचा पट तर कागदावर काढता येतो: एकात एक तीन चौकोन, त्यांच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडणाऱ्या चार रेघा, मिळून २४ बिंदू आणि प्रत्येकी ९ सोंगट्या. एका ओळीत आपल्या तीन आल्या की समोरच्याची एक उचलायची. पाच मिनिटांत नियम कळतात आणि पहिल्याच डावात कळते की सोंगट्या मांडतानाच निम्मा डाव ठरून गेलेला असतो.

येतो असे वाटणाऱ्या खेळाचाही मूळ कागद एकदा वाचून पाहावा. आमच्याकडे मोनोपॉली पिढीजात तोंडी नियमांवर चालत असे आणि एकेक डाव तासन्‌तास रेंगाळत असे. मुलीने कागद वाचला तेव्हा समजले की एखाद्या खेळाडूने तो ज्या जागेवर आला ती विकत घेतली नाही, तर ती तशीच सोडायची नसते. बँकेने तिचा लगेच लिलाव करायचा असतो, आणि नको म्हणणाऱ्यालाही त्यात बोली लावता येते. हा नियम पाळल्यावर जागा भराभर विकल्या गेल्या, खेळ आटोपशीर झाला, आणि कोणती जागा किती मोलाची याचा विचार प्रत्येकाला करावा लागला. या खेळाचा उगम एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन स्त्रीने १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या एका पटात आहे. जमिनीची मालकी मोजक्या हातांत एकवटली की बाकीच्यांचे काय होते हे दाखवण्यासाठी तिने तो रचला होता, आणि पुढे त्याचे दोन प्रकारचे नियमही केले होते, एक सर्वांची भरभराट करणारा आणि दुसरा एकालाच सगळे मिळवून देणारा. १९३५ पासून मोनोपॉली म्हणून जो खेळ बाजारात आला त्यात दुसराच प्रकार उरला. मुलीला मी हे सांगितले तेव्हा तिने लगेच विचारले, "मग पहिले नियम कुठे गेले?" नियम कोणीतरी केलेले असतात आणि ते बदलले की खेळाचा अर्थच बदलतो, हे तिला त्या प्रश्नाबरोबरच कळले असावे.

धाकटा मुलगा पाच वर्षांचा आहे. खेळात त्याला लिंबूटिंबू म्हणून घेणे सोपे असते, म्हणजे तो खेळतो पण धरला जात नाही. मला हे पटावर तरी मान्य नाही, कारण त्याला ते बरोबर कळते. सापशिडी मोठ्या माणसांना कंटाळवाणी वाटते, कारण तिच्यात निर्णय असा घ्यायचाच नसतो. फासा पडेल तितकी घरे जायचे. मात्र याच कारणाने घरातल्या सगळ्या पटांपैकी हा एकच पट असा आहे की जिथे पाच वर्षांचे मूल आणि चाळिशीची आई अगदी तंतोतंत समान असतात. मोक्षपट या तिच्या जुन्या रूपात शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण असत. आजच्या पटावरून ती नावे गेली आहेत, पण ९९ च्या आसपास सापाने गिळलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही नावाशिवाय समजते.

ल्यूडोमध्ये त्याचे सहाचे दान पडेना तेव्हा तो रडकुंडीला आला. फासा आपल्यावर रागावला आहे, अशी त्याची खात्री झाली होती. "येईल रे, धीर धर" हे मी चारदा म्हणाले आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. मग आम्ही तिघांनी डाव थांबवला, कागदावर एक ते सहा आकडे लिहिले आणि फासा टाकून रेघा ओढत बसलो. चार वेळा फासा टाकला तर निदान एकदा सहा पडण्याची शक्यता निम्म्याहून किंचितच जास्त, सुमारे ५२ टक्के असते. दहा वेळा टाकूनही एकदाही न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के, म्हणजे साधारण सहा खेळाडूंमध्ये एकाच्या वाट्याला हे यायचेच. हे गणित मुलीसाठी होते. धाकट्याला रेघा पुरल्या: सहाच्या रांगेत बराच वेळ काहीच नव्हते आणि नंतर लागोपाठ दोन रेघा पडल्या. त्याच बैठकीत फासा उलटापालटा करून पाहताना समोरासमोरच्या बाजूंची बेरीज दर वेळी सातच येते हे त्याने स्वतः शोधून काढले, आणि ते पुढचे दोन दिवस तो भेटेल त्याला दाखवत होता.

मुलांशी खेळताना मुद्दाम हरावे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते चुकीचे वाटते. मुले हे आपल्या समजुतीपेक्षा फार लवकर ओळखतात, आणि एकदा ओळखले की त्यांचे खरे विजयसुद्धा त्यांना संशयास्पद वाटू लागतात. त्यापेक्षा उघड सवलत द्यावी. गो या काळ्या-पांढऱ्या खड्यांनी पटावर खेळायच्या खेळात तर ही रीतच आहे: दुबळ्या खेळाडूने सुरुवातीलाच दोनपासून नऊपर्यंत खडे पटावर मांडून घ्यायचे आणि मग दोघांनी पूर्ण ताकदीने खेळायचे. त्यात कुणाचा कमीपणा मानला जात नाही. हे वाचल्यानंतर बुद्धिबळ आमच्या घरी परत आले. सुरुवातीला मी माझा वजीर आणि एक हत्ती काढून ठेवत असे, मग नुसता वजीर, आणि आता फक्त एक घोडा काढते. आपण किती पुढे आलो हे मुलीला माझ्या कौतुकावरून ठरवावे लागत नाही. पटाबाहेर ठेवलेले मोहरे तिला ते दाखवते.

हरण्याचे दुःख मात्र याने टळत नाही. पट उधळून झाला आहे, रडीचा डावही झाला आहे. एक गोष्ट उपयोगी पडली. दोन्ही बाजूंनी अचूक खेळ झाला तर ड्राफ्ट्सचा डाव बरोबरीतच सुटतो, हे २००७ मध्ये संगणकाने सिद्ध केले आहे. मी हे सांगितल्यावर मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे हरलेला कुठेतरी चुकलेलाच असतो. ती जागा शोधता येईल." आता हरणारा, मग ती मी असले तरी, शेवटच्या आठ-दहा चाली मागे नेतो आणि चूक नेमकी कुठे झाली ते सगळे मिळून शोधतात. ती सापडेपर्यंत रडू बहुधा ओसरलेले असते.

फोनवरही हे सगळे खेळ आहेत, हे मला ठाऊक आहे, पण तिथे घरे फोन मोजतो, कोणत्या चाली करता येतात हे फोन दाखवतो, आणि नियमबाह्य चाल करताच येत नाही. साहजिकच नियम वाचण्याची, त्यावर वाद घालण्याची आणि एकमेकांना पटवण्याची गरजच उरत नाही; मला तर खेळातला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. खेळी मागे घ्यायची की नाही, हे आमच्याकडे बऱ्याच भांडणांनंतर ठरले. स्पर्धेत ज्या मोहऱ्याला हात लावला तेच चालवावे लागते. घरी आम्ही हात सुटला की खेळी पक्की असे ठरवले, आणि ते मलाही तितकेच लागू आहे. मागच्या आठवड्यात माझा हात सुटला, चूक त्याच क्षणी दिसली, आणि धाकट्याने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

सध्या आम्ही ९ बाय ९ च्या छोट्या पटावर गो शिकतो आहोत. खडे रेघांच्या छेदबिंदूंवर ठेवायचे, एकदा ठेवले की ते हलत नाहीत, चहूकडून वेढले गेले की मात्र उचलले जातात. इथपर्यंत तिघांनाही समजले आहे. तोच एक खडा दोघांनी आळीपाळीने कायमचा मारत राहू नये म्हणून एक नियम आहे, त्यावर काल अर्धा तास गेला. डाव संपला असे मुलीला वाटत होते, संपला नाही असे मला वाटत होते, आणि कोण जिंकले याचा हिशेब दोघींचाही वेगवेगळा येत होता. पट तसाच मांडलेला आहे, कोणीही हात लावायचा नाही असे ठरले आहे, आणि आज तो कागद पहिल्यापासून वाचण्याची पाळी माझी आहे.