डिक्कीतलं किट कोणाच्या कामाचं?

आज रामटेकजवळ खिंडसी तलावाच्या बाजूला एक पोरगं दिसलं. मनगटावर पॅराकॉर्डचं, म्हणजे मजबूत नायलॉन दोरीचं विणलेलं ब्रेसलेट, कमरेला चाकू. आणि महागडं सर्व्हायव्हल किट? कारच्या डिक्कीत. म्हणे, "दोन तासांचंच तर आहे काका." राजेहो, मोठ्या ट्रेकला माणूस तयारीनं निघतो. अडकतो तो या दोन तासांवालाच.

अंगावर नाही ते किट नाही. बॅग टेकवून फोटोसाठी जरा पुढे गेलं, रायमुनियाच्या (घाणेरीच्या) झुडपांत पायवाट हरवली, की बॅग राहिली तिकडेच. म्हणून कमरेची छोटी पाऊच, पाणी सोडून पाव किलोच्या आत.

शिट्टी मात्र पाऊचमध्येही नको, शर्टाच्या काजाला बांधा. बिनगोळीची प्लॅस्टिकची घ्या. थुंकी गेली की आतली गोळी अडकते. गळ्यातच हवी तर दोरी मधून कापून टोकं साध्या शिवणदोऱ्यानं जोडा. फांदीत अडकली तर दोरा तुटावा, गळा आवळू नये. तीनदा फुंकायची, मिनिटभर कान देऊन ऐकायचं, पुन्हा तीनदा. त्या पोराच्या ब्रेसलेटच्या बकलातली शिट्टी पिपाणीएवढीही वाजत नाही, आणि बकलातल्या होकायंत्राचा काटा मोबाइल जवळ नेला की भरकटतो. आठ इंची ब्रेसलेट उसवून दोरी निघते आठेक फूट. बरं, तुटलेली लेस बांधायला होते, एवढं मान्य.

खरा संताप अशा किटांतल्या आग पेटवायच्या चकमकीचा. परदेशी व्हिडिओत थंडीनं जीव जातो म्हणून ते आग पेटवतात. आपल्याकडे ऊन मारतं! 15 फेब्रुवारी ते 15 जून वणव्याचा हंगाम, खाली सागाचा वाळका पाचोळा, आणि हे ठिणग्या पाडणार? राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. किटातली अंगाची ऊब धरणारी चमकणारी पन्नी हिवाळ्यात पचमढीला ठीक. इथे चालेल ती सावलीसाठी, अंगाभोवती गुंडाळायला नाही.

त्या जागी ओआरएस ठेवा ना. पण पुडीवरचं वाचा: मोठी एक लिटरची, छोटी 200 मिलीची. मोठी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली की क्षार दुप्पट, तहान उलट वाढते. पाणी खांद्यावर, किमान लिटरभर. क्लोरिनची गोळी किती लिटरला ते पाकिटावर असतं. नाल्याचं पाणी आधी दुपट्ट्यातून गाळा, गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळीचा जोर गाळातच संपतो. तो सुती दुपट्टा नागपुरात बर्डीवर कुठेही मिळतो. ओला करून डोक्यावर घ्या, मधमाश्या उठल्या तर तोंड झाका.

बाकी सामान थोडकंच. एका सेलचा टॉर्च, सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये कागदाचा तुकडा, म्हणजे पाऊचमध्ये दाबून चालू राहत नाही. जुन्या एटीएम कार्डावर मीटरभर कापडी टेप, बुटाचा तळ सुटला तर गुंडाळायला. उन्हाळ्यात गोंद पाझरतो, दरवर्षी बदला. क्रेप बँडेज मुरगळलेल्या पायाला. साप चावला तर आवळून बांधणं नाही, चिरणं नाही. पाय न हलवता 108 आणि सरकारी दवाखाना. आपली रोजची औषधं एका दिवसाची. एका चिठ्ठीवर रक्तगट आणि घरचा नंबर.

आणि हो, कमेंटमध्ये चाकू कोणता घ्यायचा विचारू नका. टेप कापायला नखं कापायची छोटी कात्री पुरते.