'दोन्ही बाटल्या नकली' या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की, आम्ही गोटी सोड्याच्या दोन बाटल्या जुन्या सांगून विकल्या आणि दोन्ही नकली निघाल्या, कारण दोन्हींच्या अंगावर साच्याची शिवण आहे आणि अशाच बाटल्या ऑनलाइन स्वस्तात मिळतात.

हिरवट बाटलीबद्दल तुमचं बरोबर आहे. ती नवीच आहे. बिलावर तसं लिहिलंय, पण काउंटरवरच्या आमच्या मुलाने 'आजोबांच्या काळातली' म्हणत ती तुमच्या हातात दिली. चूक आमची, पैसे परत. फक्त तिला नकली म्हणू नका. अशा बाटल्या उत्तर प्रदेशात आजही बनतात, त्या सोडा भरायलाच. जुनी म्हणून खपवली की लबाडी सुरू होते.

फिकट निळसर बाटली मात्र जुनी आहे. हायरम कॉड यांनी १८७२ साली या बाटलीचं पेटंट घेतलं, आणि ती साच्यातलीच. त्यामुळे अंगावर शिवण असणारच. तोंडापाशी ती दिसत नाही यालाही अर्थ नाही, कारण गोटी आत टाकल्यावर मगच तोंड घडवतात. काचेतले बुडबुडे तर नव्यांतही सापडतात, त्यांवर आम्हीसुद्धा विसंबत नाही.

आम्ही झीज बघतो. बाटली उन्हात तिरपी धरा. पोटाच्या फुगीर भागावर पांढुरका पट्टा दिसेल. क्रेटमध्ये शेजारच्या बाटल्यांना वर्षानुवर्षं घासून तो पडतो. तळाचे ओरखडे आडवेतिडवे आहेत, आणि तेही फक्त टेकणाऱ्या कडेवर. सँडपेपर मारलेल्या बाटलीवर ओरखडे एकाच दिशेने जातात, खोलगट जागाही सुटत नाही. तुमच्या बाटलीवर 'डॅन रायलँड्स, बार्न्सली' अशी उठावाची इंग्रजी अक्षरं आहेत. हा इंग्लंडचा काचवाला, १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातला. अक्षरं काय, उद्या कोणी नक्कलही करेल. पण इथे अक्षरांचे माथे झिजलेत आणि खाचा कोऱ्या आहेत, ते बघून मी ती घेतली.

तारेच्या घासणीने लख्ख केली असं लिहिलंय, ते वाचून जीव हळहळला. पुन्हा करू नका, खऱ्या ओरखड्यांत घासणीचे मिसळले की मलाही ओळखता येणार नाही.

दोन्ही बाटल्या घेऊन या, भिंगाखाली एकत्र बघू. तरी पटलं नाही तर दुसरीचेही पैसे देईन. फक्त बुधवारी आणि रविवारी नको, मी जुन्या बाजारात असतो.