रातकिडा आणि नारिंगी बोळे

रविवारी रात्री एक वाजता मी फ्रीजच्या मागे टॉर्च मारत उकिडवा बसलो होतो. घरात कुठूनतरी रातकिडा शिरला होता आणि त्यानं बारीक, न थांबणारी किर्र लावली होती. फ्रीजमागे एक सुकलेलं लिंबू, केसांच्या दोन क्लिपा आणि संक्रांतीचा हलवा सापडला. रातकिडा नाही. मग बाल्कनी, मग मोरी, मग चपलांचं कपाट. जाईन तिथे आवाज सारखाच, ना कमी ना जास्त. शेवटी बायको उठून आली.

"अहो, काय शोधताय?"

"रातकिडा. ऐकू येत नाही का तुला?"

तिनं दोन मिनिटं कानोसा घेतला. "मला तर काही ऐकू येत नाहीये."

"कान तपासून घे तुझे," मी म्हणालो. हे वाक्य पुढे मला फार महागात पडलं.

कारण मी दोन्ही कानांत बोटं घातली, तरी किर्र चालूच राहिली. उलट जास्तच स्पष्ट झाली. किडा फ्रीजमागे नव्हता. तो माझ्याबरोबर फिरत होता.

नीट आठवून पाहिल्यावर लक्षात आलं, हा किडा फक्त रविवारी रात्री येतो. सोमवारी दुपारपर्यंत जातो. आणि दर रविवारी मी साताऱ्याहून मोटरसायकलवर पुण्याला परत येतो. आई-आप्पा साताऱ्याला असतात. शनिवारी जायचं, रविवारी यायचं, एका बाजूला साधारण ११० किलोमीटर. दहा-बारा वर्षांचा हा नेम. खंबाटकी घाट चढताना जो आनंद होतो तो चारचाकीत होत नाही, हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की सगळ्यांचे कान किटलेत. माझे मात्र भलत्याच कारणानं किटले होते.

पुढचा पुरावा कुकरनं दिला. "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा," असं सांगून बायको खाली गेली. मी आतल्या खोलीत पेपर वाचत एक शिट्टी मोजली आणि उरलेल्या दोनांची इमानदारीनं वाट पाहत बसलो. ती वर आली तेव्हा शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी अकरा मोजल्या होत्या. वरणाचं काय झालं ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मला कानाच्या डॉक्टरांकडे नेण्यात आलं.

तिथे टेलिफोन बूथएवढ्या काचेच्या खोलीत बसवून हातात बटण देतात. "शिट्टी ऐकू आली की दाबायचं, कितीही बारीक असली तरी." मी बँकेच्या परीक्षा दिलेला माणूस. उत्तर येत नसलं तरी रकाना कोरा सोडायचा नाही, हे रक्तात भिनलेलं. मी अंदाजानं दाबत सुटलो. काचेपलीकडच्या मुलीनं दार उघडलं आणि म्हणाली, "काका, मी अजून सुरू नाही केलेलं."

निकालाचा आलेख डॉक्टरांनी टेबलावर ठेवला. सुरुवातीला रेघ बरी सरळ होती आणि ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे शिट्टीसारख्या बारीक आवाजांपाशी, ती अशी घसरली होती, की मला घाटाचा उतारच आठवला.

"कारखान्यात काम करता?"

"बँकेत."

"डीजे, फटाके, ढोल-ताशा पथक?"

"छे हो."

"मोटरसायकल?"

मी ताठ बसलो. "चालवतो. पण माझी गाडी आवाज करत नाही. कंपनीचा सायलेन्सर आहे, आणि हेल्मेट चांगलं आहे."

डॉक्टर हसले. ते हसू मला आवडलं नाही. गिऱ्हाईक फॉर्मच्या चुकीच्या रकान्यात सही करतं तेव्हा मी तसा हसतो. आवाज गाडीचा नसतो, वाऱ्याचा असतो, ते म्हणाले. साठ-सत्तरच्या पुढे गेलं की वाऱ्याचा आवाज इंजिनावर मात करतो. हेल्मेटच्या खालच्या कडेला, जबड्यापाशी, हवा आपटते आणि गरगरते, आणि तो खळखळाट थेट कानापाशी होतो. हेल्मेट डोकं वाचवतं. कान वाचवणं हे त्याचं काम नाही. शंभरच्या वेगाला आतला आवाज शंभर डेसिबलच्या घरात जाऊ शकतो.

मग हिशोब आला, आणि हिशोब म्हटला की मी जागा होतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेनं घालून दिलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबल दिवसाला ८ तास. आवाज ३ डेसिबलनं वाढला की वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, आणि १०० ला १५ मिनिटं. चक्रवाढ व्याज, पण उलटं. शंभरच्या वेगानं १५ मिनिटांत माणूस २५ किलोमीटर जातो. म्हणजे कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर कापूरहोळच्या आसपास माझ्या कानांचा दिवसाचा कोटा संपत होता, आणि पुढे साताऱ्यापर्यंत मी ओव्हरड्राफ्टवर चाललो होतो. (माझा वेग नक्की किती असतो हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. बायको शेजारी बसली होती. इथेही सांगत नाही, तीही वाचते.)

"आतल्या कानात केसांसारखं टोक असलेल्या पेशी असतात," डॉक्टर म्हणाले. "एका कानात पंधरा हजारांच्या आसपास. एकदा गेल्या की परत उगवत नाहीत." त्यांची नजर क्षणभर माझ्या टकलाकडे गेली. त्यांना मुद्दा जास्त समजावून सांगावा लागला नाही.

उपाय काय? कानात बोळे घाला.

आता आली का पंचाईत! मराठीत कानात बोळे घालणं हा उपचार नाही, आरोप आहे. इतर कोणत्याही आजारावरचा उपाय चारचौघांत सांगता येतो. पण "मी कानात बोळे घालतो" असं आपणहून सांगणारा माणूस आपल्याकडे अजून जन्मायचाय. मी ऑफिसात सांगितलं, तर मॅनेजर म्हणाले, "ते माहीतच आहे."

सुरुवात कापसापासून केली. कापूस कामाचा नाही. वारा त्यातून आरपार जातो. आमचे आजोबा अत्तराचा फाया कानाच्या पाळीत वरच्या बाजूला खोचायचे, त्याचा निदान वास तरी यायचा. मग औषधाच्या दुकानात गेलो. इअरप्लग म्हटल्यावर त्यानं पहिल्यांदा कानात घालायचे थेंब दिले, मग कान कोरायच्या काड्या. खेळाच्या दुकानात पोहण्याचे मिळाले. शेवटी एका मित्रानं रविवार पेठेत बोहरी आळीकडे पाठवलं. तिथे गमबूट, हातमोजे, पिवळ्या टोप्या लटकवलेल्या एका दुकानात विचारलं, तर मालकानं मान वर न करता विचारलं, "प्रेस की ग्राइंडिंग?" मी म्हटलं, मोटरसायकल. त्यानं मान वर केली.

नारिंगी रंगाचे, स्पंजासारखे, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे बोळे. दहा रुपयाला जोडी. हेल्मेटला मी सहा हजार मोजले होते, आणि इतकी वर्षं जी गोष्ट नव्हती म्हणून कान गेले ती चहाच्या भावात मिळाली.

पण ते घालणं ही विद्या आहे. नुसतं कानाच्या तोंडाशी कोंबून चालत नाही. बोळा बोटांत वळून वळून बारीक करायचा. मग उलटा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा, कान वर आणि मागे ओढायचा म्हणजे आतली नळी सरळ होते, तेवढ्यात बोळा आत सारायचा, आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवायचा. हे सगळं मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचो. शनिवारी सकाळी साडेसहाला एक पन्नाशीचा माणूस डोक्यावरून हात घेऊन स्वतःचाच कान पिळत, तोंड वाकडं करून, एका जागी उभा आहे. वॉचमन दोन शनिवार लांबून पाहत राहिला. तिसऱ्या शनिवारी जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, काही चुकलं का?"

बोळे बसले की हेल्मेट चढवायचं. हेल्मेट चढताना कान दुमडतो आणि उजवा बोळा बाहेर येतो. हेल्मेट काढायचं. बोळा घालायचा. आता चष्मा राहिला. चष्मा घातला की किल्ली खिशात, हातमोजे चढलेले. कात्रजला पोचणारा मित्र तोवर शिरवळला चहा पीत असायचा.

आईनं हे साताऱ्यात पाहिलं. तिनं माझ्या हातातून बोळा घेतला, अंगठा आणि तर्जनीत धरून दोनदा फिरवला, आणि माझ्यासमोर सुईसारखा बारीक, एकसारखा, एकही सुरकुती नसलेला बोळा धरला. साठ वर्षं फुलवाती वळलेला हात तो. "एवढ्यासाठी डॉक्टरला पैसे दिलेस?" म्हणाली.

बोळे घालून पहिल्यांदा हायवेला लागलो, आणि जगावर कुणीतरी गोधडी टाकल्यासारखं झालं. वाऱ्याचा गोंगाट दूर कुठेतरी शेजारच्या गावात चालला होता. गंमत म्हणजे हॉर्न ऐकू येत होते. ट्रकचा, एसटीचा, आधीपेक्षा जास्त सुटे. गोंगाट आणि हॉर्न दोन्ही सारखेच खाली येतात, पण कान बधिर झालेला नसल्यानं त्याला निवडता येतं. इंजिनाची एक बारीक टिकटिकही ऐकू आली, जी म्हणे वर्षभर होती.

तोटेही आहेत. सिग्नलला गाडी चालू आहे की बंद हे कळत नाही, आणि चालू गाडीचं स्टार्टर बटण दाबलं की जो खर्रर्र आवाज होतो तो बोळ्यांतूनही काळजाला भिडतो. इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत नाही. एका शनिवारी मी खेड शिवापूरपासून पार लिंबापर्यंत "डावीकडे वळतोय, वळतोय" असं सगळ्या जगाला सांगत गेलो आणि वळलो नाही. बोळे न काढता वडापाव खाल्ला तर स्वतःच्या चावण्याचा आवाज डोक्यात घुमतो. बाहेरचं बंद केलं की माणसाला आतलं ऐकू येतं असं संत सांगतात. मला बटाट्याची भाजी ऐकू आली.

मग एकदा दोरीवाली जोडी घेतली, हरवू नये म्हणून. दोन बोळे आणि मध्ये निळी दोरी. ती हेल्मेटखालून मानेवर लोंबत होती. सातारा रस्त्यावरच्या एका चौकात हवालदारानं हात केला.

"घ्या साईडला. काय ऐकताय?"

"काही नाही."

"मग हे कानात काय?"

"काही ऐकू येऊ नये म्हणून."

ते थांबले. दोरी माझ्या मानेवरून उचलून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मध्ये कुठेच फोन लागेना. "हे जोडायचं कुठं?"

"कुठंच नाही."

"मग मी शिट्टी मारली ती ऐकू आली का?"

आता काय सांगणार? आली म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं तर बोळ्यांवर नाव येणार, आणि खरं तर ४००० हर्ट्झमुळे ती मला बोळ्यांशिवायही फारशी ऐकू आली नसती. आणि हे कारण पोलिसाला सांगण्यासारखं नव्हतं. "तुमचा हात दिसला," मी म्हणालो. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि जा म्हणून हातानंच खूण केली. ती मला स्वच्छ कळली.

सगळ्यात जास्त विरोध आप्पांचा. आप्पांनी आयुष्यभर येझदी चालवली. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर असलेली ती म्हैसूरची गाडी. त्या दोन्ही सायलेन्सरच्या जाळ्या त्यांनी काढून टाकल्या होत्या, म्हणजे ते राजवाड्यापाशी वळले की आई घरात चहा टाकायची. हेल्मेट कधीच नाही. आता आप्पांना कानाचं मशीन आहे. ते ते बातम्यांना लावतात आणि आई बोलायला लागली की बॅटरी संपली म्हणतात.

"गाडीचा आवाज ऐकायचा नसेल तर गाडी घेतली कशाला?" ते म्हणाले.

"आप्पा, आवाजानं कान जातात."

"पाऊस कुठला आलाय आत्ता?"

यावर मी काय वाद घालणार!

मागच्या महिन्यात वाईला लग्न होतं. गाडीवरच जायचं असा आप्पांचा हट्ट. मशीनच्या माइकमध्ये वारा शिरला की नुसतं घोंघावतं, म्हणून त्यांनी ते काढून डबीत घातलं आणि डबी सदऱ्याच्या खिशात. मी बोळे घातले. असे आम्ही बाप-लेक साताऱ्याहून निघालो. वाटेत आप्पा सारखे बोलत होते, हे मला पाठीला लागणाऱ्या त्यांच्या पोटावरून कळत होतं. मीही बोललो. पाचवडजवळ त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा जोरात थाप मारली. तीस वर्षांत पहिल्यांदा आप्पांनी माझ्या चालवण्याला शाबासकी दिली. मला भरून आलं आणि मी जरा वेग वाढवला. सुरूरला पोचल्यावर समजलं की वाईचा फाटा पाचवडला मागे राहिला. सुरूरवरूनही वाईला जाता येतं म्हणून बरं, पण अक्षता गेल्या.

मांडवात डीजे होता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल लिहिलेली आहे. इथे जिलबीच्या पाकात लाटा उठत होत्या. लोक कानावर हात ठेवून जेवत होते. त्यामुळे स्पीकरसमोरची पहिली पंगत मोकळी होती. आप्पांनी खिशातली डबी खिशातच ठेवली, मी बोळे घातले, आणि आम्ही दोघं तिथे शांतपणे जेवलो. असं निवांत लग्नाचं जेवण मी आयुष्यात जेवलो नाही. मधून नातेवाईक येत, वाकून काहीतरी सांगत, आम्ही हसून मान डोलावत होतो. मावसभाऊ तर बराच वेळ बोलला. आम्ही दोघांनीही "हो हो, चालेल की" म्हटलं.

चार दिवसांनी आईचा फोन आला. सतरा माणसं, एक मिनीबस, पाच दिवसांची अष्टविनायक यात्रा, आणि सगळ्यांचा मुक्काम आधी एक रात्र पुण्यात आमच्या दोन खोल्यांत. "दोघांनाही विचारलं म्हणतोय तो, दोघंही हो म्हणाले. तुम्ही काय कानात बोळे घालून बसला होतात का?"

मागून आप्पांचा आवाज आला, "काय म्हणतोय तो?"