पार्षद आहे, मग मोहल्ला सभा कशाला?

इंदूरच्या मराठी वस्त्यांत एक मजकूर मोबाइलवरून फिरतो: ‘शहरात ग्रामसभा नसते. पार्षद, म्हणजे नगरसेवक, निवडून दिला की आपलं काम संपलं. मोहल्ला सभा, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांची बैठक, भरवणं बेकायदा, आणि येतात तरी चारच माणसं.’

बेकायदा? साफ चूक. शांततेने, निःशस्त्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे. रस्त्यावर मांडव घालायचा तर परवानगी लागते. कुणाच्या गच्चीवर बसायला घरमालकाचा होकार पुरतो.

ग्रामसभेबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो. १९९३ साली लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरांना वॉर्ड समित्या दिल्या, पण तिथे मतदार आपोआप सभासद होत नाही. ही उणीव आपणच भरायची आहे. मोहल्ला सभेचा ठराव महापालिकेवर बंधनकारक नसतो, हे कबूल. पण ८५ वॉर्डांच्या शहरात पार्षदाला तुमच्या गल्लीतलं तुंबलेलं चेंबर सांगितल्याशिवाय कळणार कसं?

राहिली चार माणसं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. पाण्याच्या वेळी सभा ठेवली की बायका घरात अडकतात आणि मग तेच पाच जण बोलत बसतात. शंभर-सव्वाशे घरांपलीकडे जाऊ नका. सात दिवस आधी दारोदार चिठ्ठी द्या, भाडेकरूंनाही. विषय तीनच, वेळ दीड तास, एकाला दोन मिनिटं. ग्रुपवर मतं घेऊन सभा उरकली म्हणू नका, त्यात म्हातारी माणसं हटकून गळतात.

खरी गोम आहे रजिस्टरात. ‘दिव्यांचा प्रश्न मांडला’ असं लिहिलं तर त्याचं पुढे काहीच होत नाही. लिहायचं असं: कोणत्या घरासमोरचा खांब, किती दिवसांपासून बंद, अर्ज कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत. खाली हजर असलेल्यांच्या सह्या. अर्जाच्या दोन प्रती झोन कार्यालयात न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय निघू नका. उत्तर आलं नाही तर त्याच शिक्क्याचा हवाला देऊन माहितीच्या अधिकारात अर्जावर काय कारवाई झाली ते विचारा. तिथे तीस दिवसांची मुदत कायद्यानेच घातली आहे. पुढची सभा या जुन्या कामांच्या वाचनानेच सुरू करा. काम झालं नसेल तर तेही मोठ्याने वाचा.